चार बोटं पाणी

सन दोन हजार तेवीस. मला एकाहत्तरावं चालू होतं. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झालते, कापसाची दुसरी वेचणी लागली होती, आणि आमचे जावई गाडी घेऊन आले ते पोरीला न आणता एकटेच आले.

जावई एकटा आला की सासऱ्याला आधी पोरीची काळजी लागते. मी अंगणात खाट टाकली, घरचीला चहा ठेवायला सांगितला. जावयांनी चहा घेतला, पण ध्यान सगळं गाडीकडं. शेवटी उठले आणि मागच्या सीटवरून बुटाचं खोकं काढून आणलं. झाकणाला सुईनं भोकं पाडलेली. आत कासव होतं.

आमटीच्या वाटीएवढं. पाठ काळी, आणि त्या काळ्यावर पिवळ्या रेघा, एकेका टिंबातून चौफेर फुटलेल्या. असलं कासव मी जन्मात बघितलं नव्हतं. तिथंच माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं, ते आलं नाही.

जावई शहरात गुत्तेदारी करतात, सरकारी कामांची कंत्राटं घेतात. जिवंत कासव घरात असलं की कामं अडत नाहीत, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. कुणाकडून आणलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. जावयाला उलट विचारायची आमच्यात रीत नाही. फ्लॅटमधले शेजारी कुजबुजायला लागलेत, एवढंच म्हणाले. अक्षय तृतीयेला नव्या घराची वास्तुशांत आहे, तवर तुमच्याकडं राहू द्या. पोरगी कशी आहे विचारलं तर बरी आहे म्हणाले. मग गाडीत बसल्यावर काच खाली केली.

"मामा, कुणाला दाखवू नका. आणि देणारा म्हणत होता, ह्याला पाण्यात ठेवायचं नसतं."

मला हसू आलं. म्हणलं, "पाव्हणं, म्हशीला चिखल नको म्हणल्यासारखं झालं हे. तुमी बिनघोर जावा. माझ्या हातचं जनावर आजवर मेलेलं न्हाई."

हे मी उगा बोललो नव्हतो. मी दुसरी शिकलो, तिसरीच्या वर्गात पाय ठेवला नाही, पण आसपासच्या पाच गावांत गाय अडली, बैलाचा खांदा सुजला की माणूस माझ्या दारात येतो. आणि जनावराच्या खालोखाल मला काय कळत असेल तर विहीर. मिसरूड फुटायच्या आधीपासून मी विहिरी खांदल्या, जुन्या विहिरींचा गाळ काढला. जुन्या विहिरीत कासव असायचंच. गाळाला हात लावायच्या आधी पहिलं काम म्हणजे कासव धरायचं. त्याला घागरीत, पाण्यात ठेवायचं आणि तोंडाला फडकं बांधायचं. गाळ निघून झरा मोकळा झाला की घरच्या लक्ष्मीनं त्याला हळदकुंकू लावायचं आणि मग ते परत आत सोडायचं. मधल्या दिवसांत कासव कोरडं पडलं तर झरा आटतो असं जुनी माणसं मानायची. ती घागर सांभाळायचं काम माझ्याकडं असायचं. कासवाला पाणी लागतं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

गोठ्याला लागून आमची एक पेंडीची खोली आहे. तिथं निळा प्लास्टिकचा टप ठेवला, चार बोटं पाणी घातलं आणि कासव सोडलं. घरचीनं कुठून तरी एक चपटा दगड आणून मधी ठेवला. म्हणाली, बसायला असू द्या. मी म्हणलं, असू दे.

विहिरीतलं कासव पाण्यात सोडलं की पाय मारत खाली जातं, दिसेनासं होतं. हे चारी पायांवर उभं राहिलं, मान ताणून वर काढली आणि टपाच्या कडेकडेनं चालायला लागलं. नखं प्लास्टिकला घासायची. खर्र, खर्र. मी बैलांना वैरण टाकताना ते ऐकायचो, परत पाणी पाजताना ऐकायचो. दिवसभर चालूच असायचं. मला वाटलं जागा नवी आहे, रुळंल.

खायला मी कणकेच्या गोळ्या टाकल्या, सुक्या बोंबलाचे तुकडे टाकले. विहिरीतली कासवं ह्याच्यावर तुटून पडायची. ह्यानं तोंड लावलं नाही. कणीक पाण्यात विरघळून पांढरं पाणी व्हायचं, मी ते पालटायचो. चार दिवस झाले, पाच झाले. मी म्हणलं, भूक लागल्यावर खाईल. हट्टी जनावर मी लई बघितलेत.

पाचव्या का सहाव्या दिवशी दुपारी मी वेचणीवरून लवकर परत आलो. घराच्या मागं, भिंतीच्या कडंला, घरची पोत्यावर बसलेली. समोर उन्हात कासव. तिनं मेथीची पानं बारीक तोडून ठेवली होती आणि ते एकेक पान धरून ओढत होतं. मी पुढं झालो तसं तिनं पदर आडवा धरला.

मी लई बोललो. कोरडं पडून मरंल, जावयाला काय तोंड दाखवायचं, तुला काय कळतंय ह्यातलं. ती ऐकून घेत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "खातंय की पर."

मी कासव उचललं, टपात सोडलं, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली करदोड्याला बांधली.

थंडी त्या वर्षी एकदम पडली. सकाळी टपातल्या पाण्यात बोट घातलं की बोट आखडायचं. कासव आता मधल्या दगडावर अर्धं चढून बसायचं, मागचे पाय पाण्यात. कडेनं फिरायचं कमी झालं. मी मनात म्हणलं, रुळलं.

आमच्या गावात किराणा दुकान आहे. दुकानदार माझ्याच वयाचा, दर कार्तिकी पुनवेला कपिलधारच्या यात्रेला जाऊन येणारा शिवभक्त. पोरपणापासून आमचं एकमेकांना टोचणं चालू आहे. तो पेंडीचं पोतं आलंय असं सांगायला म्हणून आला आणि खोलीच्या दारात थबकला. कुलूप कशाला विचारलं. मी काही बोलायच्या आत आतून एकदा खर्र आलं. मग दाखवावं लागलं.

तो टपावर वाकून बराच वेळ बघत होता.

"काय बे बैलाच्या डाक्टरा, हे गाभण हाय का भाकड, बघितलं का?"

मी म्हणलं, तुझ्या दुकानातल्या उंदरांचं बघ आधी. तो हसला, पण त्याचं ध्यान टपातच. मग म्हणाला, "एक इचारू? म्हादेवाच्या देवळात कासव कुठं असतं?"

"नंदीच्या म्होरं."

"फरशीवर. कोरड्या फरशीवर. पाणी पिंडीवर असतं, कासवावर न्हाई."

मी म्हणलं, ते दगडाचं आहे, त्याला काय कोरडं अन् काय ओलं. निघताना दाराशी उभा राहून आवाज खाली करून म्हणाला की कासव घरात मरणं बरं नसतं, पायाखालची जमीन मरते म्हणतात. एरवी असल्या बोलण्याला मी धूप घालत नाही. पण तो गेल्यावर मी गोठ्यात उभा राहिलो आणि ऐकत राहिलो. आतून आवाज आला नाही.

त्यानंतर तो आवाज आलाच नाही. माणसाला वाटतं, त्रास देणारा आवाज थांबला की बरं वाटंल. मला वैरण टाकताना हात थांबवून ऐकायची सवय लागली. बैल शेपटी मारायचे, घंटा वाजायची, बाहेर कुणाची मोटार चालू असायची. त्या खोलीत काहीच नसायचं. दिवसातून पाच-पाच वेळा कुलूप काढून मी बघायला लागलो. कासव दगडावर मान टाकून असायचं.

एका सकाळी त्याचे डोळे मिटलेले होते. दोन्ही पापण्या फुगून चवळीच्या दाण्यागत झालेल्या. बोट लावलं तरी उघडेनात. दुसऱ्या दिवशी नाकातून बुडबुडा यायला लागला. श्वास घेताना तोंड उघडायचं आणि बारीक चिरकल्यागत आवाज यायचा. मी उलटं करून बघितलं. पोटाचा भाग अंगठ्यानं दाबला तर आत गेला. कासवाचं पोट भिजलेल्या पुठ्ठ्यागत आत जातं हे मी कधी बघितलं नव्हतं. अंगठा काढला तरी खळगा लगेच भरला नाही.

घरची माझ्या मागं येऊन उभी होती. तिनं बघितलं. दवाखान्यात नेऊ म्हणाली.

जनावरांचा सरकारी दवाखाना दिंद्रुडला आहे. तिथं एक तरणी डाक्टरीणबाई. तिचं माझं आधीचं वाकडं होतं. लंपीची साथ आली तेव्हा ती गावात सुया टोचत फिरत होती. माझ्या दारात आली तेव्हा चारचौघांत मी तिला म्हणालो होतो की पुस्तकातला बैल आणि दावणीचा बैल वेगळा असतो, माझ्या बैलांना हात लावायचं काम नाही. माझे बैल वाचले. त्यानंतर वर्षभर मी छाती काढून फिरलो. आता त्याच बाईपुढं वाटीएवढं कासव घेऊन जायचं?

मी म्हणलं, मला इलाज माहीत आहे.

इलाज म्हणजे डाग. बैलाला सर्दी धरली, खांद्याला पाणी भरलं की तापल्या सळईचा डाग द्यायचा. आमच्या भागात हे बापजाद्यांपासून आहे आणि माझा हात त्यात बसलेला. मी हिशेब केला की कासवाची पाठ जाड आहे, कडंला एक बारीक डाग दिला तर ऊब आत जाईल आणि सर्दी मोडंल. दिवस मावळायला आला होता. घरचीनं भाकरीसाठी चूल पेटवली होती. मी छत्रीची बारीक तार काढली आणि निखाऱ्यात खुपसली. कासव ओट्यावर फडक्यात ठेवलं. तार लाल व्हायला वेळ लागत नाही.

मी तार घेऊन वळलो तर फडकं मोकळं. घरची चुलीपासून उठून उंबऱ्यावर जाऊन बसली होती आणि कासव तिच्या पदरात होतं.

म्हणलं, आण इकडं.

तिनं डावा हात पुढं केला, बांगड्या वर सारल्या.

"आदी हितं द्या. मंग त्याला."

मी म्हणलं, येड्यागत करू नको, तार निवायलीय.

"पोरीला डागलं तवा मी तोंड फिरवलं होतं. आता न्हाई फिरवत."

आमची पोरगी सहा महिन्यांची होती, पोट फुगून रडत होती, तेव्हा मी तिच्या पोटावर डाग दिला होता. ती वाचली. डागानं वाचली असं मी चाळीस वर्षं सांगत आलो. घरचीनं ह्या चाळीस वर्षांत त्याच्यावर एक शब्द काढला नव्हता. मला वाटायचं ती विसरली.

तार हातात काळी पडली. चुलीवरची भाकरी करपली, तिचा वास घरभर झाला, पण दोघंही उठलो नाही. मग मी तार राखेत टाकली आणि करदोड्याची किल्ली सोडून तिच्याजवळ ठेवली. त्या दिवसापासून कासव टपात गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दिंद्रुडला गेलो. डाक्टरीणबाईनं मला ओळखलं. ओळखलं हे तिच्या भुवईवरून कळलं. तिनं कासव हातात घेतलं, उलटं केलं, डोळे बघितले, कान लावून श्वास ऐकला. कुठून आणलं विचारलं. मी म्हणालो, रानात सापडलं, बांधावर.

"आजोबा, असलं कासव आपल्या बांधावर सापडत नाही. हे कोरड्या रानातलं आहे, ह्याला पोहता येत नाही. पाण्यात किती दिवस होतं?"

मी भिंतीवरच्या गाईच्या चित्राकडं बघत राहिलो. घरचीनं मला उघडं पाडलं नाही, ते मला जास्त लागलं.

सुई द्यायची तर वजन पाहिजे. दवाखान्यात बैला-म्हशीला अंदाजानं औषध देतात, एवढ्याशा जिवाला अंदाज चालत नाही म्हणाली. मला समोरच्या मिठाईच्या दुकानात पाठवलं. पेढे मोजायच्या काट्यावर कागद टाकून मिठाईवाल्यानं कासव ठेवलं. एकशे बारा ग्रॅम भरलं. गिऱ्हाईकं जमली, कुणी म्हणालं पाव किलोला किती, सगळे हसले. त्यांच्यातले निम्मे मला नावानं ओळखणारे. मी कागदासकट उचललं आणि रस्ता ओलांडला.

मेडिकलवरून आणलेल्या एकदम बारीक सुईनं तिनं पुढच्या पायाच्या वर औषध दिलं. मग आम्हाला बसवून सांगितलं. कोरडं ठेवा. कोंबडीच्या पिलांना लावतात तसा बल्ब लावा, चटका बसंल इतका जवळ नको. सकाळचं ऊन द्या, उन्हाशिवाय ह्याचं कवच घट्ट होत नाही. हिरवा पाला द्या. दिवसातून एकदा कोमट पाण्यात थोडं बसवा, पायाची नखं बुडतील एवढ्याच. आज धरून तीन दिवस रोज सुईला आणा. पण ही तात्पुरती मलमपट्टी आहे, म्हणाली. फुफ्फुसापर्यंत गेलंय. ह्याला महिना-दोन महिने औषध लागंल, आणि ते करणारी माणसं वनखात्याकडं असतात, माझ्याकडं नाहीत. इथं राहिलं तर जगणार नाही.

मग तिनं पेन खाली ठेवलं.

"आणि हे घरी ठेवणं गुन्हा आहे. तीन दिवसांत तुम्ही स्वतः जाऊन द्या. नाही दिलं तर मला कळवावं लागेल. मला ते करायला लावू नका."

परत येताना जीपमधी मी घरचीला म्हणलं, धमकी देती काय आपल्याला. ती कासवाचं खोकं पोटाशी धरून बसली होती. म्हणाली, धमकी न्हाई, मुदत दिलीय.

ते तीन दिवस मी कधी विसरायचो नाही. बल्बाखाली खोकं ठेवलं. लाईट गेली की घरची कासव फडक्यात गुंडाळून झंपरात ठेवायची आणि तशीच काम करायची. मी रोज सकाळी त्याला घेऊन उन्हात बसायचो आणि सावली आली की पोतं सरकवायचो. पहिल्या दिवशी काही फरक नाही. दुसऱ्या दिवशी श्वासाचा आवाज वाढल्यागत झाला आणि मला वाटलं संपलं. दुकानदार दारावरून गेला, आत आला नाही, नुसती मान हलवून विचारलं. मी पण मान हलवली. तिसऱ्या दिवशी दुपारी डाव्या डोळ्याची पापणी जरा फाकली. आत काळं चमकलं. घरची म्हणाली, बघतंय. डाक्टरीणबाईनं तिसरी सुई दिली आणि कॅलेंडरकडं बोट दाखवलं.

जावयाच्या अमानतीचा निकाल जावयाला न सांगता लावणं मला बरं वाटेना. दिंद्रुडवरून आल्याबरोबर फोन लावला. सगळं सांगितलं, पाण्याचं सोडून.

जावई म्हणाले, "दवाखान्यात कशाला नेलं? कुणाला दाखवू नका म्हणलं होतं ना."

मरायला टेकलं होतं म्हणालो.

"मामा, ऐका. विहिरीत सोडा. तुम्हीच म्हणत होता, कासव पाण्याचं. कुणी आलंच तर म्हणा, विहिरीतच असतं, धरून बघा. विषय संपला."

मी म्हणलं, बुडंल ते.

"मग बुडू द्या. माझं नाव निघालं तर माझी सगळी कामं जातील. मग तुमच्या पोरीचं काय ते तुम्ही बघा."

आवाज चढवला नाही. जावई कधी आवाज चढवत नाहीत. मग फोन पोरीकडं गेला. ती म्हणाली, "दादा, ते म्हणतेत तसं करा." मी हूं म्हणलं. फोन ठेवायच्या आधी तिनं हळूच विचारलं, "डोळे उघडले का त्याचे?"

मी म्हणलं, एक.

घरचीनं सगळं ऐकलं होतं. फोनचा आवाज मोठाच असतो माझा. मी खोकं उचललं तेव्हा तिनं कुठं म्हणून विचारलं नाही. दिवेलागणीला अजून वेळ होता. विहीर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मी गेलो आणि काठावरच्या दगडावर बसलो. ही विहीर माझ्या हातची. चाळीस फुटांवर पाणी लागलं तेव्हा मीच पहिली ओंजळ वर दिली होती. खाली बघितलं. पाणी काळं, हलत नव्हतं. ह्या पाण्यात किती कासवं मी स्वतःच्या हातानं सोडली आणि किती आनंदानं सोडली. एकदा डुबुक आवाज होतो, मग झालं. पोरीचा संसार वाचतो, जावयाचं नाव वाचतं. मला पण कुणी काही विचारत नाही. कासव पाण्यातच असतं असं मी म्हणालो होतो, ते बोलणं पण तसंच राहतं.

फडक्यातून काढून तळहातावर घेतलं. ते गरम होतं, बल्बाची ऊब अजून अंगात होती. मी हात काठाच्या पुढं नेला. गार वारा लागला तसं त्यानं पुढचे दोन्ही पाय बाहेर काढले आणि माझ्या हाताला रेटा दिला, माझ्याच अंगाच्या दिशेनं. नखं टोचली. टपातला आवाज थांबल्यापासून पहिल्यांदा त्याच्यात टोचण्याइतकं बळ आलं होतं.

मी तसाच बसलो. माझ्या हातचं जनावर मेलेलं नाही असं मी म्हणायचो. खरं तर दोन-तीन मेली होती, डागाच्या नंतर मेली होती, आणि मी त्यांच्या मालकांना म्हणालो होतो की उशिरा आणलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

परत आलो तर घरची उंबऱ्यावर. तिनं आधी खोक्यात बघितलं, मग माझ्याकडं. उठून बल्ब लावला.

मी तिला म्हणालो की उद्या जातो. पोरीचं काय, असं तिनं एकदाच विचारलं. मी म्हणालो, जावयाचं नाव माझ्या तोंडातून निघायचं नाही. आणि पोरीला दारात आणून सोडली तर दार आपलंच आहे, आत घेऊ. हे बोलायला सोपं होतं. ती रडली. मला रडू आलं नाही, पण जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या काळीपिवळी जीपनं मी तालुक्याला गेलो. वनखात्याचं ऑफिस बंद होतं, फाटकाला साखळी. पायरीवर बसलो. थंडी होती, म्हणून खोकं धोतराच्या सोग्यात धरलं होतं. ऊन आलं तसं झाकण काढलं, वरून नुसतं फडकं ठेवलं, आणि कडुलिंबाची सावली सरकंल तसं खोकं सरकवत राहिलो. दहा वाजायला आले तेव्हा खाकीतला एकजण मोटारसायकल लावून आला आणि खोक्यात काय आहे बाबा म्हणून विचारलं. मी फडकं काढलं. तो बघून उभ्याचा खाली बसला. कुणाचं विचारलं. माझं म्हणालो. माझं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गाव सांगितलं, आणि महिनाभर ह्याला पाण्यात ठेवून मीच आजारी पाडलं हे पण सांगितलं. त्यानं खिशातून वही काढली. मी म्हणालो, "आदी ह्याला ऊन लागंल असं ठिवा, मंग लिवा." आणि फाटक उघडल्यावर खोकं घेऊन त्याच्या मागं आत गेलो.